गोधडीचे चौकोन जुळत का नाहीत?

सातारा-सांगलीकडच्या घरांत गोधडीला 'वाकळ' म्हणतात. लुगडी, धोतरे, सदरे अंगावर घालण्याजोगे राहिले नाहीत की ते धुऊन, उसवून, एकावर एक पसरायचे, वरून रंगीत ठिगळे लावायची आणि सगळे थर धावदोऱ्याने बांधून टाकायचे. थरांच्या मध्ये हवा अडकते. अडकलेली हवा उष्णतेची मंदवाहक असल्यामुळे अंगाची ऊब बाहेर जात नाही. पाटण-महाबळेश्वरच्या पावसाळी डोंगरात काय किंवा माण-आटपाडीच्या उघड्या माळावर काय, थंडीच्या रात्री हीच वाकळ कामी येते.

अलीकडे ही वाकळ घराबाहेरही विकली जाऊ लागली आहे. शहरातले गिऱ्हाईक तिच्यासाठी चांगले पैसे मोजते, पण त्याला चौकोन सरळ हवे असतात, कोपरे एकमेकांना भिडलेले हवे असतात आणि दहा गोधड्या एकाच मापाच्या हव्या असतात. हाताने हे काम फार वेळ घेते, म्हणून वरचा तुकड्यांचा पदर यंत्रावर शिवण्याकडे ओढा आहे. स्त्रियांच्या छोट्या उद्योगांना कर्ज मिळावे यासाठी माण तालुक्यात म्हसवडला १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. अशा संस्थांमुळे, बचतगटांमुळे यंत्र विकत घेण्याची वाट पूर्वीपेक्षा सोपी झाली. पण यंत्र घरात येणे वेगळे आणि ते हाताला वळणे वेगळे.

पुष्कळदा असे होते की, आयुष्यभर सुबक वाकळी शिवलेली बाई यंत्रावर बसते, चौकोन जोडते आणि ओळीला ओळ लावायला गेली की कोपरे बोटभर इकडेतिकडे होतात. मग ती म्हणते, "माझा हातच बसत नाही, हे आपलं काम नव्हे." यंत्रावर फडके टाकले जाते आणि कर्जाचे हप्ते मात्र चालू राहतात. आपल्या वर्गात गणिताला घाबरणारी मुलेही याच भाषेत बोलतात. दोन्हीकडे चूक आपल्या हाताच्या किंवा डोक्याच्या खात्यावर लिहिली जाते. खरे तर तिला कारण असते, ते शोधता येते आणि मोजताही येते. या लेखात आपण तेच करून पाहणार आहोत.

हाताची वाकळ आणि यंत्राची गोधडी

प्रथम एक प्रश्न. हातशिलाईत निष्णात असलेली बाई यंत्रावर का अडखळते? याचे उत्तर दोन्ही कामांच्या रचनेत आहे.

हाताने वाकळ शिवताना ठिगळ थरांवर ठेवतात, कडा आत दुमडतात आणि तिथल्या तिथे टाके घालतात. पुढचे ठिगळ आधीच्या ठिगळाला भिडवून ठेवायचे. ते थोडे मोठे असेल तर जास्त दुमडायचे, थोडे लहान असेल तर कमी. म्हणजे प्रत्येक ठिगळाच्या वेळी डोळा आणि बोटे मिळून मागची चूक पुसून टाकतात. चूक होते, पण ती साठत नाही.

यंत्रावरच्या जोडकामात क्रम उलटा असतो. आधी सगळे तुकडे मापाने कापायचे, मग दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून कडेला जोडायचे, त्यांची ओळ करायची आणि शेवटी ओळी एकमेकींना जोडायच्या. येथे प्रत्येक शिवणीतली चूक पुढच्या शिवणीकडे जाते आणि तिथल्या चुकीत मिसळते. ती दिसते ती अगदी शेवटी, म्हणजे ओळी जुळवताना. तोपर्यंत तिचा उगम कुठे झाला हे सांगणे अवघड होते. बाईचे कसब कमी झालेले नसते. चूक जागेवर पुसण्याची जी सोय हातशिलाईत होती, ती या पद्धतीत राहिलेली नसते.

एक मिलिमीटर कुठे जातो?

शिवणीच्या बाहेर जी कापडाची कड ठेवतात तिला 'माया' म्हणतात. तुकडे जोडताना साधारणपणे पाव इंच, म्हणजे सुमारे ६.४ मिलिमीटर माया धरतात. आता हिशेब करू.

पाच इंची दहा चौकोन एका ओळीत जोडायचे आहेत. दहा तुकड्यांची एकूण लांबी ५० इंच. त्यांत नऊ शिवणी येतात आणि प्रत्येक शिवण दोन्ही तुकड्यांचा पाव-पाव इंच, म्हणजे अर्धा इंच खाते. नऊ शिवणींत साडेचार इंच गेले. ओळ साडेपंचेचाळीस इंचांची झाली पाहिजे.

समजा, प्रत्येक शिवणीत माया फक्त एक मिलिमीटरने जास्त गेली. एका शिवणीत दोन तुकडे असल्यामुळे दोन मिलिमीटर कमी झाले आणि नऊ शिवणींत १८ मिलिमीटर. जवळजवळ पाऊण इंच! डोळ्याला न दिसणारी चूक नऊ वेळा तशीच झाली म्हणून बोटभर रुंद झाली.

याच्या पुढची गोष्ट अधिक मजेची आहे. गोधडीच्या सगळ्या ओळी अशाच दहा चौकोनांच्या असतील आणि सगळ्यांत तीच एक मिलिमीटरची चूक असेल, तर कोपरे बरोबर जुळतील! गोधडी पाऊण इंचाने अरुंद होईल, इतकेच. पण खालची ओळ साडेनऊ इंची पाच मोठ्या तुकड्यांची केली तर तिच्यात शिवणी चारच. चूक झाली आठ मिलिमीटर. वरची ओळ १८ ने लहान, खालची ८ ने. दोन ओळींत एक सेंटिमीटरचा फरक पडला. कापताना दोन्ही ओळींचा हिशेब साडेपंचेचाळीस इंचांचाच होता, तरीही त्या जुळत नाहीत.

वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी येथे आणखी एक पायरी चढावी. आपण मानले की माया दरवेळी जास्तच जाते. ही 'एका बाजूची' चूक. पण हात कधी एक मिलिमीटर जास्त, कधी एक मिलिमीटर कमी असा चालत असेल तर? मग काही चुका एकमेकींना खोडून काढतात. नाणे नऊ वेळा उडवले तर नऊही छापे क्वचितच पडतात, तसेच हे आहे. अशा इकडच्या-तिकडच्या चुका शिवणींच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतात. नऊचे वर्गमूळ तीन. तेव्हा ओळीत साधारण तीन गुणिले दोन, म्हणजे सहा मिलिमीटरच्या आसपास फरक पडेल. १८ च्या तुलनेत हा बराच कमी आहे.

यातून एक उपयोगी निष्कर्ष निघतो. गोधडी बिघडवते ती बहुधा थरथरता हात नव्हे, तर सारखी एकाच बाजूला होणारी छोटी चूक. आणि एकाच बाजूची चूक सुधारायला सर्वांत सोपी, कारण ती किती आहे हे एकदा मोजले की तेवढे सरकायचे असते.

मोजायची कशी? कापडाच्या दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा. पाव इंच मायेने त्या एकमेकींना जोडा आणि इस्त्री करा. मधल्या पट्टीच्या दोन्ही बाजूंनी पाव इंच गेला, म्हणून ती बरोबर एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर दिसली पाहिजे. ती दोन मिलिमीटरने कमी भरली तर प्रत्येक शिवणीत एक मिलिमीटर माया जास्त जाते आहे. बहुतेकांची पट्टी पहिल्या खेपेला कमीच भरते. याचे एक कारण असे की, शिवणीवर कापड घडी घालते आणि त्या घडीच्या जाडीतही थोडे माप खर्च होते. त्यामुळे अनुभवी शिवणारे पाव इंचापेक्षा एखाद्या दोऱ्याच्या जाडीइतकी कमी माया धरतात.

यंत्राच्या आत काय चालते?

चूक मोजली तरी यंत्राची भीती उरतेच. ती जाण्यासाठी यंत्र काय करते हे पाहायला हवे.

हाताच्या सुईचे नेढे मागच्या टोकाला असते आणि अख्खी सुई कापडातून पार जाते. यंत्राच्या सुईचे नेढे पुढच्या टोकाशी असते आणि सुई पूर्ण पार जात नाही. ती वरचा दोरा घेऊन खाली जाते आणि वर येऊ लागली की कापडाखाली दोऱ्याचा एक फासा तयार होतो. शटलचे टोक हा फासा पकडून बॉबिनच्या भोवती फिरवते. वरचा दांडा दोरा ओढून घेतो आणि दोन्ही दोरे कापडाच्या जाडीत एकमेकांत अडकतात. अमेरिकेत एलियास होवे यांनी १८४६ मध्ये अशा, नेढे टोकाशी असलेल्या सुईच्या आणि दोन दोऱ्यांच्या यंत्राचे पेटंट घेतले.

दुसरी महत्त्वाची युक्ती कापड पुढे सरकवण्याची. सुईखालच्या पत्र्यातून दातेरी पट्टी डोकावते. ती वर येते, कापड मागे ढकलते, खाली जाते आणि पुन्हा पुढे येते. या चार हालचालींची रचना अॅलन विल्सन यांनी १८५४ मध्ये पेटंट केली आणि आजही घरगुती यंत्रांत तीच वापरतात. म्हणजे कापड सरकवणे हे दात्यांचे काम आहे, आपले नाही. नवशिकी बाई घाबरून कापड मागून ओढते. मग सुई वाकते, टाके लहानमोठे होतात, कधी सुई पत्र्यावर आपटून मोडते. हाताचे काम फक्त कापडाला दिशा देणे.

आता दोऱ्याच्या ताणाकडे वळू. टीप घातल्यावर कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता दिसला तर आपण बॉबिनला दोष देतो. पण बहुधा दोष वरच्या दोऱ्यात असतो. वरचा दोरा ताणाच्या चकत्यांत नीट बसला नसेल किंवा ताण सैल असेल, तर फासा वर ओढला जात नाही आणि त्याची वेटोळी खाली साठतात. उलट, खालचा दोरा वरच्या बाजूला ठिपक्यांसारखा दिसू लागला तर वरचा ताण जास्त आहे. चूक जिथे दिसते तिथे ती झालेली असतेच असे नाही, हा धडा शिवणकामापुरता नाही. हे तपासायला वर लाल आणि खाली पांढरा दोरा घालून चिंधीवर टीप मारावी. कोणता दोरा कुठे दिसतो यावरून दोष लगेच सापडतो.

वहीच्या कागदावरचा पहिला धडा

शिवणवर्गांत नव्या विद्यार्थिनीला प्रथम दोरा न घालता वहीच्या रेघी कागदावर यंत्र चालवायला देतात. हा सराव तर आहेच, पण तो मोजमापाचा एक सुंदर प्रयोगही आहे. कागदावर पडलेली भोके म्हणजे हाताच्या हालचालीची नोंदच. भोकांची ओळ छापील रेघेपासून किती मिलिमीटर दूर गेली हे पट्टीने मोजता येते. एका इंचात किती भोके पडली ते मोजले की टाक्याची लांबी कळते. तुकडे जोडण्यासाठी इंचाला दहा ते बारा टाके ठीक असतात. (कागदाने सुई बोथट होते. त्यासाठी जुनी सुई ठेवावी.)

पायाच्या यंत्रावर वरचे चाक आपल्या दिशेने फिरले पाहिजे. उलटे फिरले तर दोरा अडकतो किंवा तुटतो. म्हणून सुरुवातीला हाताने चाकाला योग्य गती द्यायची आणि मग पायाने ती चालू ठेवायची. वेगाची भीती वाटणाऱ्याने पायाची एक दाब दिली की सुई किती वेळा खाली जाते ते मोजून पाहावे. पायाखालचे मोठे चाक एकदा फिरताना वरचे लहान चाक अनेकदा फिरते, त्यामुळे पायाची छोटी हालचालही सुईला वेगवान वाटते. आकडा हाती आला की वेग हा यंत्राचा स्वभाव न राहता आपल्या पायाचा हिशेब होतो.

आणखी एक साधा उपाय. सुईपासून उजवीकडे पाव इंचावर, दाते मोकळे सोडून, पत्र्यावर जाड पुठ्ठ्याची पट्टी चिकटवावी. कापडाची कड या पट्टीला टेकवत न्यायची आणि नजर सुईवर न ठेवता पट्टीवर ठेवायची. सुई वरखाली होते, तिच्याकडे पाहून माप कळत नाही. तीन पट्ट्यांच्या चाचणीत चूक आढळली तर हात बदलायचा नाही, पुठ्ठा तेवढा सरकवायचा.

कापडाचा स्वभाव

माया बरोबर, ताण बरोबर, तरीही चौकोन वाकडे आले तर कापडाकडे पाहावे. विणलेल्या कापडात उभे आणि आडवे धागे काटकोनात असतात. उभ्या धाग्याच्या दिशेने सुती हातरुमाल ओढला तर तो फारसा ताणत नाही, आडव्या धाग्याच्या दिशेने किंचित जास्त ताणतो. पण समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरका ओढला तर चांगलाच लांबतो. या तिरक्या दिशेला शिंपी 'उरेब' म्हणतात. येथे धागे लांबत नाहीत. त्यांच्यामधले चौकोन समभुज चौकोनांत बदलतात, काटकोन मोडतात. चौकट बाजूने ढकलल्यावर जशी कलते, तसेच हे.

चौकोन धाग्याला धरून कापला तर त्याच्या चारही कडा सरळ राहतात. पण त्याचे कर्णावर दोन त्रिकोण केले की प्रत्येकाची लांब बाजू उरेब होते आणि शिवताना पसरते. म्हणून यंत्र शिकताना त्रिकोणांच्या मागे लागू नये. विट्याच्या मागांवरचे कोरे सुती कापड असो वा घरातली जुनी साडी, आधी धुवून आटवून घ्यावे आणि मग धाग्याला धरून चौकोन कापावेत. सुती आणि कृत्रिम धाग्याचे तुकडे एकाच ओळीत मिसळू नयेत. ते यंत्राखाली वेगवेगळे सरकतात आणि धुतल्यावर वेगवेगळे आटतात.

इस्त्रीलाही शिवणकामाइतकेच महत्त्व आहे. प्रत्येक शिवण पुढची शिवण घालण्याआधी दाबून घ्यावी. इस्त्री ठेवावी आणि उचलावी, घासत नेऊ नये. घासली की कापड ताणले जाते. एका ओळीतल्या माया उजवीकडे आणि तिच्या खालच्या ओळीतल्या डावीकडे वळवाव्यात. दोन ओळी एकमेकींवर ठेवल्या की या घड्या समोरासमोर येऊन एकमेकींना अडकतात आणि कोपरा बोटांनाही कळतो.

लांब शिवण आणि जुन्या वाकळीचे शहाणपण

ओळीला ओळ जोडताना आणखी एक अडचण येते. दाते खालच्या कापडाला ढकलतात. वरच्या कापडावर मात्र ते दाबून धरणारा यंत्राचा पाय टेकलेला असतो आणि त्याच्या घर्षणाने वरचे कापड मागे राहते. समजा, चार इंचांत वरचे कापड एक मिलिमीटर मागे राहिले. पंचेचाळीस इंचांच्या शिवणीत ते ११ मिलिमीटर मागे राहील आणि शेवटी वरची ओळ लांब उरलेली दिसेल. दोन्ही ओळी सारख्या मापाच्या असूनही!

यावर उपाय असा. दोन्ही ओळींचे मध्यबिंदू एकमेकांवर ठेवून टाचणी लावा, मग प्रत्येक अर्ध्याचा मध्य, मग प्रत्येक कोपरा. आता शिवण जणू दहा लहान शिवणींत विभागली. सुई कोपऱ्याशी पोहोचली की टाचणी काढायची. प्रत्येक तुकड्यातली मिलिमीटरभर चूक त्या तुकड्यातच मुरते, पुढे जात नाही. एखादी ओळ किंचित लांब असेल तर ती खालच्या बाजूला ठेवावी. दाते तिला थोडी जास्त ढकलून सामावून घेतात.

लक्षात घ्या, आपण येथे नवीन काही केले नाही. हाताने वाकळ शिवणारी बाई प्रत्येक ठिगळाशी थांबून चूक पुसत होती. टाचण्या लावून आपण तीच सोय यंत्राच्या कामात परत आणली. तिच्याजवळचे ज्ञान टाकाऊ झालेले नाही, ते कुठे लावायचे एवढेच शिकायचे आहे. आणि वरचा पदर यंत्रावर जोडून झाल्यावर सगळे थर बांधण्यासाठी धावदोरा हाताने घातला तर उत्तमच. घरगुती यंत्राखाली इतके जाड थर नीट सरकत नाहीत आणि वाकळीची ओळख त्या टाक्यांतच असते.

वर्गासाठी

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि हाताच्या श्रमाला शिक्षणात मानाचे स्थान दिले. कार्यानुभवाच्या तासाला आजही ते शक्य आहे. आम्ही शिक्षकांना असे सुचवू की, एक शिवणयंत्र, एक रेघी वही आणि थोड्या चिंध्या घेऊन मुलगे आणि मुली दोघांनाही हे प्रयोग करू द्यावेत. प्रत्येकाने तीन पट्ट्यांची चाचणी पाच वेळा करावी, मधल्या पट्टीचे माप मिलिमीटरमध्ये लिहावे आणि सरासरी काढावी. सरासरी २५.४ पासून किती दूर आहे, ही एका बाजूची चूक. पाच मापे आपापसांत किती विखुरली आहेत, ही इकडची-तिकडची चूक. पहिली पुठ्ठा सरकवून जाते, दुसरी सरावाने कमी होते. प्रयोगशाळेतल्या मोजमापांतही याच दोन चुका असतात. गावातल्या वाकळ शिवणाऱ्या आजींना त्या दिवशी वर्गात बोलावावे. मुलांनी त्यांना आकडे दाखवावेत आणि त्यांनी मुलांना टाका दाखवावा.

यंत्राची भीती या भागाला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी शंका शेतकऱ्यांना होती आणि नांगर पडून राहिले. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती आज सांगली जिल्ह्यात आहे. शंका गेली ती उपदेशाने नव्हे. नांगर शेतात चालताना आणि नंतर पीक येताना लोकांनी पाहिले, तेव्हा ती गेली.

शिवणयंत्राचेही तसेच आहे. 'घाबरू नका' असे सांगून कोणाची भीती जात नाही. पहिले काम म्हणून सोळा चौकोनांचे, चार ओळींचे एक दुपटे घ्यावे. ओळीत तीनच शिवणी येतात, त्यामुळे चूक झाली तरी ती कुठून आली हे शोधता येते. प्रत्येक ओळ झाली की मोजावी, माप लिहून ठेवावे आणि मगच पुढच्या ओळीला हात घालावा. कोपरा चुकला तर 'माझा हातच असा' म्हणण्याआधी पाच गोष्टी पाहाव्यात: कापणी, माया, दोऱ्याचा ताण, कापडाची दिशा आणि टाचण्या. त्यांपैकी एकीत उत्तर बहुधा सापडते. दुसऱ्या दुपट्याला पाचांतल्या दोनच पाहाव्या लागतात. अशी चार-पाच दुपटी झाली की पाहुण्या बाळांची सोय होते आणि मोठ्या गोधडीचे कापड कापायला हात आपोआप कात्रीकडे जातो.